उजव्या हाताची चुगली

मंगळवार, ३० सप्टेंबर

दिलं सोडून! हेल्मेट, खांद्यांची पॅडं, ६७ नंबरची जर्सी — जर्सी धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून — सगळं कोच ब्रॅनिगनच्या टेबलावर नेऊन ठेवलं. अमेरिकन फुटबॉलचे एकवीस सीझन खेळलो. या वर्षीच्या दहा सामन्यांपैकी पाच झालेत, तीन जिंकले, दोन हरलो. असं मध्येच कोणी सोडत नाही. मी सोडलं!

कोच म्हणाला, "ऑन्डी, प्यायलायस का?"

"नाही. गुडघा."

"कुठला?"

"डावा."

एकवीस वर्षांत 'गुडघा' हा शब्द माझ्या तोंडून त्याने कधी ऐकला नव्हता. बोट तुटलं होतं तेव्हासुद्धा मी पट्टी बांधून खेळलो होतो. बघतच राहिला. "निदान सीझन तरी—" मी म्हटलं, "नाही." आणि निघालो. गाडीपर्यंत व्यवस्थित लंगडलो. गाडीत बसलो, दार लावलं आणि हसू फुटलं. अंगावरून ट्रक उतरल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत तीन वेळा हॉर्न वाजवला, समोर कोणी नसताना.

खरं कारण फक्त इथे लिहितो.

रविवारी डोनटच्या दुकानात क्लिओफस बॅट्स भेटला. ऑटर क्रीक संघाचा. नऊ वर्षं हा माणूस माझ्या नाकासमोर नाक लावून उभा राहिला. कंबर गेली म्हणून ऑगस्टमध्ये रिटायर झाला. मला कॉफी पाजली आणि म्हणाला, "ह्रुश्का, आता मी सुटलो, तर सांगून टाकतो. तुझा उजवा हात."

"काय झालं हाताला?"

"चाल सुरू व्हायच्या आधी आपण वाकून एक हात जमिनीवर टेकतो ना, तुमची धाव असली की तू त्या हातावर भार टाकतोस. पेरं पांढरी पडतात. फेक असली की हात नुसता टेकवतोस, लोण्यावर ठेवल्यासारखा. नऊ वर्षं आम्ही बॉलकडे बघितलंच नाही रे. तुझी बोटं बघायचो."

"आम्ही म्हणजे?"

"अख्खी लीग. अरे, तुला कोणी बोललं नाही?" आणि असा हसला की डोनटची साखर माझ्या शर्टावर.

नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी काय सांगतो? लाईनमनला कामं दोनच. आपला गडी बॉल घेऊन धावणार असेल तर समोरच्याला पुढे रेटायचं. बॉल फेकणार असेल तर मागे सरकून फेकणाऱ्याला वाचवायचं. आणि यातलं काय होणार हे बॉल हलेपर्यंत समोरच्याला कळू द्यायचं नाही. बास. एवढंच! आणि मीच—!

विश्वास ठेवला नाही. मी कोणाच्या शब्दावर काही मानत नाही. क्लबच्या सामन्यांच्या अकरा व्हिडिओ कॅसेटी काढल्या, रविवार-सोमवार बसलो, चित्र थांबवून थांबवून वहीत उतरवलं. माझा हात स्पष्ट दिसतो अशा २१४ चाली. त्यांतल्या २०८ वेळा हात खरं बोलला. बिचारा ड्यूई, आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, फेकायला गेला आणि आपटला ते वेगळं मोजलं. एकसष्ट वेळा.

लेथवर इंचाच्या हजाराव्या भागाची चूक मी खपवून घेत नाही. कारखान्यात माझं माप दुसरा कोणी तपासत नाही, गरज नसते. आणि माझा स्वतःचा हात नऊ वर्षं चुगली करतोय!

हे त्यांना कसं सांगणार? म्हणून गुडघा. हात गेला, चुगली गेली. संघ सुटला, मी सुटलो.


गुरुवार, २ ऑक्टोबर

न्याहारीला चार अंडी. बारा नाही. चार! आणि पोट भरलं.


शनिवार, ४ ऑक्टोबर

एकवीस वर्षांतला ऑक्टोबरमधला पहिला मोकळा शनिवार. शनिवारी दुपारी उन्हाचा रंग असा असतो हे मला माहीतच नव्हतं. आजवर दुपारी दोनपासून मी घोटे बांधत बसलेला असायचो.

मी आणि माझी बायको बोझेना सफरचंदं आणायला गेलो. मी शिडीवर चढत नाही, शिडीचा विचार करून. फांदी धरून हलवली. बागवाला ओरडला. बोझेना इतकी हसली की टोपलीत बसली!

परतताना म्हणाली, "एक नोव्हेंबरला हॉलमध्ये सुगीचा नाच आहे."

"दर वर्षी असतो."

"दर वर्षी तू मॅचला असतोस. मी एकवीस वर्षं इलोनाबरोबर नाचतेय. माझी सख्खी बहीण आहे म्हणून सहन करते, पण ती पायावर पाय देते."

"मी आहे ना या वर्षी."

गाडी चालवताना तिने माझ्याकडे बघितलं. "तुला नाचता येतं?"

"शिकेन."

"कोणाकडून?"

काय प्रश्न आहे! ब्लॉकिंग, म्हणजे समोरच्याला अडवणं, मला कोणी शिकवलं? शाळेच्या संघात मला घेतलं नव्हतं, हळू आहे म्हणून. वाचनालयातून पुस्तक आणलं, आकृत्या उतरवून घेतल्या आणि मामाचा पिकअप ट्रक ब्रेक काढून अंगणभर ढकलत फिरलो. दोन उन्हाळे. एकविसाव्या वर्षी संघात गेलो तेव्हा मला हलवणारा माणूस तीन गावांत नव्हता. पोल्का नाचाला किती पावलं असतात? तीन आणि एक उडी. ट्रकपेक्षा हलकीच असणार.

(रेडिओवर: आम्ही १३, ते २०. हरलो. हरले. 'आम्ही' लिहायची सवय जायला हवी.)


बुधवार, ८ ऑक्टोबर

बेकरीत फजिती! कोलाची, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, घ्यायला रांगेत उभा होतो. मागून श्रीमती पावलिक म्हणतात, "ऑन्ड्र्या, गुडघा डावा ना रे? मग आज उजवा का ओढतोयस?"

सगळी रांग वळली. मी म्हटलं, "डाव्याला आराम देतोय."

"पुढच्या आठवड्यात कोणाला देणार?"

घरी येऊन डाव्या बुटाला आतून खडूची खूण केली. काम करायचं तर नीट करावं.


रविवार, १२ ऑक्टोबर

गॅरेजमध्ये फरशीवर पावलं आखली. सगळी अंतरं स्टीलच्या पट्टीने मोजून. डावं पाऊल पांढऱ्या खडूने, उजवं निळ्या. आखलेलं पाऊल छान दिसतं. टाकलं की माझ्या आकड्याप्रमाणे पडत नाही. २८७ पौंड वजन वळायला जागा मागतं. तिसऱ्या फेरीला रंगाचा डबा पाडला. दार बंद करून शिकतोय, बोझेनाला वाटतंय मी हत्यारं लावतोय. एकटाच हसत होतो.

काल २७–३ ने हरले. सत्तावीस–तीन! का? चुगलखोर हात तर घरी बसलाय, सफरचंद खातोय. आता हरायचं कारण काय? हे मला गणितात बसत नाही आणि गणितात न बसणारी गोष्ट मला झोपू देत नाही. शनिवारी जाऊन बघणार.


शनिवार, १८ ऑक्टोबर

जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसलो. सहावी रांग, बोझेनाच्या जागेशेजारी. उशी, थर्मास, विणकाम, सगळं मांडून बसते. शेजारच्या बायका सरकल्या. एकीने मला विचारलं, "तुम्ही इथे बसल्यावर मागच्यांना काय दिसणार?"

पहिली चाल. लाईन खाली वाकली. आणि मला घाम फुटला!

मधला लीरॉय, त्याच्या हातात बॉल असतो, त्याला सोडा. उरलेले चौघे — चार उजवे हात जमिनीवर — आणि चारही पांढरे! धाव. पुढची चाल: चारही हात लोण्यावर. फेक. पुन्हा पांढरे. धाव. एखाद्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावं तसं!

आणि कोणी शिकवलं हे? डाव्या बाजूचे खेळाडू सगळीकडे डावा हात टेकवतात. मीच म्हटलं होतं, 'आमच्याकडे सगळे उजवा टेकवतील, माझ्यासारखा.' त्यांच्या टाचांमधलं अंतर मी पट्टीने मोजलं. पाठीवर पाण्याचा पेला ठेवून वाकायला लावलं. कोपर कुठे, हनुवटी कुठे, भार कुठे. "माझ्याकडे बघ आणि हुबेहूब कर." केलं हो पोरांनी. हुबेहूब केलं! माझी चूकसुद्धा हजाराव्या इंचापर्यंत उतरवली. इतका चांगला मास्तर कोणाला मिळाला नसेल.

मी हसायला लागलो. रडायचं होतं पण हसूच आलं, खांदे हलायला लागले, अख्खी रांग हलायला लागली. ड्यूई दोनदा आपटला तेव्हा थांबलो.

बोझेना प्रत्येक फेकीच्या आधी डोळे मिटून घेते. आपटलेलं बघवत नाही म्हणे. सवय.

हरले.

म्हणजे मी सोडून काही सुटलंच नाही. मी पळालो आणि चार हात मागे ठेवून आलो.


सोमवार, २० ऑक्टोबर

आज कारखान्यात एक शाफ्ट वाया घालवला. अकरा वर्षांतला पहिला. फोरमन म्हणाला, "गुडघा दुखतोय का?" मी म्हटलं, "हो. डावा." त्याने विचारलं नव्हतं कुठला ते.

उद्या सरावाला जाऊन सांगायचं. दोन आठवड्यांनी त्यांचा शेवटचा सामना आहे, ऑटर क्रीकबरोबर. तिथे सगळ्यांना हात वाचता येतात. ड्यूईच्या बरगड्यांचा प्रश्न आहे.

पण संघातली पोरं मला 'प्रोफेसर' म्हणतात. उद्या काय म्हणतील?


मंगळवार, २१ ऑक्टोबर

सांगितलं!

कॅसेटी, वही, पट्टी घेऊन गेलो. सगळे गवतावर बसले होते. मी उभा. लंगडलो नाही. कोचच्या ते लगेच लक्षात आलं, भुवया वर गेल्या. एका दमात सांगितलं — क्लिओफस, पेरं, २१४, २०८. ड्यूईची एकसष्ट पण सांगितली. ती सांगितली नसती तरी चाललं असतं, पण मग हिशेब अर्धा राहिला असता.

सगळे दूर जाणाऱ्या मालगाडीकडे बघत बसले.

मग ड्यूई उठला. माझ्यासमोर आला. तोंडात बोटं घातली, वरचे दोन खोटे दात काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. ओलेच.

"हे घे, फ्रोफेफर. तुझे आहेत."

आणि जो काही स्फोट झाला! लीरॉय गवतावर लोळला. डावीकडचा गॅस्टन ओरडतोय, "अरे म्हणजे ऑटर क्रीकचा तो जाड्या माझ्या हाताकडे बघून डोळा मारायचा — मला वाटायचं त्याला मी आवडतो!" कोच एकटा हसत नव्हता. तो माझ्या वहीची पानं उलटत होता.

"ऑन्डी, अख्ख्या लीगला माहीत आहे?"

"अख्ख्या."

"आणि तू आम्हाला सांगितलंस हे त्यांना माहीत नाही? क्लिओफसलासुद्धा?"

"नाही."

त्याने वही मिटली. असं हसू मी त्याच्या तोंडावर बघितलं नव्हतं, त्याच्या लग्नातसुद्धा नाही. "येत्या शनिवारी सगळ्यांनी खरं बोलायचं. पेरं पांढरी म्हणजे धाव, नेहमीसारखं. एक तारखेला, ऑटर क्रीकला — खोटं बोलायचं. फेक असली की जमिनीत बोटं रुतवा. धाव असली की लोणी. ऑन्डी, शिकव यांना. आणि तू पण उतर. ६७ नंबर अजून खुंटीवर आहे."

खुंटीवर आहे! तीन आठवडे कोणाला दिला नाही! वाकलो. उजवा हात टेकवला.

वीस वेळा केलं. कोच 'धाव' म्हणाला की हात हलका ठेवायचा. सोपं आहे ना? वीसपैकी चौदा वेळा चुकलो. डोकं म्हणायचं हलका, हात म्हणायचा पुढे जायचंय ना मग भार टाक. गॅस्टन शेजारी आडवा पडून बोटं बघायचा आणि ओरडायचा, "पांढरी! पुन्हा पांढरी! प्रोफेसर, हात आहे की पाद्री? खोटं बोलतच नाही!"

ते चौघे अर्ध्या तासात शिकले.

मास्तर नापास, शाळा पास. जर्सी पुन्हा खुंटीवर लावली. या वेळी मनापासून. मागच्या वेळी पळालो होतो, आज सोडलं. फरक आहे आणि तो मला मापून सांगता येईल: तीन आठवडे आणि दोन दात.

(दात परत दिले.)


रविवार, २६ ऑक्टोबर

काल खरं बोलून तीन गुणांनी जिंकले. कसे काय कोण जाणे.

बोझेनाला गॅरेज दाखवलं. पावलं बघून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हत्यारं लावत होतास ना?" मग खडूच्या पावलांवर उभी राहिली, स्वयंपाकघरातला रेडिओ आणला आणि म्हणाली, "चल."

वाईट झालं. पावलं बरोबर, अंतरं बरोबर, आणि तरी आम्ही दोन कपाटांसारखे एकमेकांवर आदळत होतो. आठवडाभर मी हाताला शिस्त लावतोय. सगळीकडे एकसारखा दाब द्यायचा, काही कळू द्यायचं नाही. तसाच तिच्या पाठीवर ठेवला होता.

"अरे ओंद्रो, पाठीवर हात ठेवलायस की इस्त्री?"

"का?"

"मला काही कळतच नाही कुठे जायचं ते! काय लपवतोयस?"

मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "मग तसा हात ठेव ना. काही न लपवल्यासारखा."

जमलं नाही. इलोनाच बरी, म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.


रविवार, २ नोव्हेंबर, सकाळ

कुठून सुरुवात करू! पाय सुजलेत, दोन्ही. लंगडतोय, दोन्हीकडून. श्रीमती पावलिक खूश होतील.

काल हॉल भरलेला. डुकराचं भाजलेलं मांस, कोबी, बटाटा भरलेल्या पिरोही करंज्यांचे डोंगर. अकॉर्डियनवाला घामाने निथळतोय. बारमागे स्तानोने कानाला रेडिओ लावलेला, तो मध्येच ओरडतो, "ऑटर क्रीक सहा, आपण शून्य!" आणि माझं पाऊल चुकतं. तिकडे मी शिकवलेले चार हात खोटं बोलतायत आणि इकडे माझा एक हात इस्त्री झालाय. पहिला नाच वाया. दुसऱ्यात मी इलोनाच्या नवऱ्याला खांदा मारला, तो टेबलावर गेला, टेबल भिंतीवर. "दंड! पंधरा यार्ड मागे!" कोणीतरी ओरडलं. हॉल हसला. बोझेना हसली नाही. घड्याळाकडे बघत होती.

तिसरा पोल्का सुरू झाला आणि स्तानो बारवर चढला. "ड्यूईने फेकली! मोकळा! एकदम मोकळा! ऑटर क्रीकचा एक माणूस जवळ नाही! ते धावेसाठी पुढे आले, हा मागे—!"

माझी पोरं! रुतवली बोटं! मी ओरडलो आणि विसरलो. पावलं, खडू, शिस्त, हात, सगळं विसरलो. पुढे जावंसं वाटलं, हातात भार आला — आणि बोझेना गेली! वळावंसं वाटलं, आणि मी वळायच्या आत ती वळलेली. हात हलका झाला की ती मागे येते, जड झाला की उडते. मी काही सांगत नव्हतो. हात सांगत होता. ज्या हाताने नऊ वर्षं वाट लावली तो हात तिच्या पाठीवर बडबडत होता आणि ती प्रत्येक शब्द ऐकत होती! हॉलला दोन फेऱ्या, तीन, लोक भिंतीला लागले, २८७ पौंड (आता २७४!) हवेत. चौदा गुण. एकवीस. मी मोजायचं सोडलं. मी! मोजायचं सोडलं!

शेवटी ३१–६. आम्ही ३१. 'आम्ही' राहू दे.

आत्ता सकाळी क्लिओफसचा फोन. "ह्रुश्का! काल मी आमच्या कोचशेजारी बसून हात वाचून दाखवत होतो. अठरा वेळा तोंडावर पडलो! तुम्हा लोकांचे हात खोटं बोलायला कधी शिकले?"

"माझा नाही शिकला. मी काल नाचत होतो."

तो म्हणाला, "कुत्तरड्या!" आणि दोघंही पोट धरून हसलो.


सोमवार, ३ नोव्हेंबर

न्याहारीला बोझेनाला सगळं सांगून टाकलं. गुडघा खोटा होता. हात, पेरं, २१४ पैकी २०८. ती पावाला लोणी लावत होती. लावतच राहिली.

"दुसऱ्या सीझनपासून," म्हणाली.

"काय दुसऱ्या सीझनपासून?"

"मला माहीत आहे. सहाव्या रांगेतून स्वच्छ दिसतं."

एकोणीस वर्षं! फेकीच्या आधी मिटलेले डोळे! मी खुर्चीतून उठलो. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

तिने पाव माझ्या ताटलीत ठेवला.

"सांगितलं असतं तर तू तो दुरुस्त केला असतास, ओंद्रो. मग मला कसं कळलं असतं, तू कुठे निघालायस?"